सवतीचा टाक

मथुराबाईंनी जन्मात आपलं चित्र काढू दिलं ते एकदाच, आणि तेही काढणाऱ्यावर उपकार केल्यासारखं. सदाशिव पेठेत श्रीनिवासराव म्हणून एक चित्रकार होते. पुण्यानं पोटात घातलेल्या गावांतल्या बायका रंगवायच्या, असं त्यांच्या मनानं घेतलं. फिरत फिरत ते कोथरूडच्या गावठाणात मथुराबाईंच्या ओट्यावर येऊन बसले. "बाई, जरा हसा की," म्हणाले. "हसाया तुमी काय इनोद केलाय?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी तसलंच तोंड काढलं म्हणे. म्हणे अशासाठी, की पुरं झालेलं चित्र बाईंनी पाहिलंच नव्हतं. श्रीनिवासराव गेल्या चैत्रात वारले, आणि आता त्यांच्या मागं त्या सगळ्या बायका एका गॅलरीत भिंतीला लागल्या होत्या.

बोलावणं आलं तसं बाईंनी ठेवणीतलं जरीकाठी लुगडं काढलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण हातातल्या पाटल्या त्यांनी उतरवल्या नव्हत्या. "नवऱ्यानं न्हाई, माझ्या बापानं घातल्यात," असं कुणी विचारायच्या आत सांगायच्या. लेकानं, संपतनं, गाडी काढली. वाटेत त्यानं दोनदा सांगितलं, "आई, तिथं हळू बोलायचं असतं."

"का? चित्रं झोपलीत का?"

आत गेल्यावर मात्र त्याही जरा दबल्या. पांढऱ्या भिंती, दवाखान्यासारखा गारठा, आणि मयताला आल्यासारखी कुजबुजणारी माणसं. माणसं शहरातली. चित्रातल्या बायका गावातल्या. बाईंनी नजर फिरवून आपलं चित्र शोधलं. ते पार शेवटच्या खोलीत आहे असं दारावरच्या पोरीनं सांगितलं. "शेवटी का? मानाचं शेवटीच असतंय," बाईंनी स्वतःलाच उत्तर दिलं.

चित्रं दाखवायला एक फिल्मवाली बाई होती. प्रियदर्शनी तिचं नाव. केस पोरासारखे कापलेले, बोटाबोटांत चांदीच्या अंगठ्या. बाईंना ती आठवत होती. श्रीनिवासराव रंगवायला बसले की ही कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभी असायची, चहासुद्धा उभ्यानंच प्यायची.

"मी दोन वर्षं सरांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत होते," ती लोकांना सांगायला लागली. "सर असते तर त्यांनी काहीच बोलायला दिलं नसतं. म्हणाले असते, बघा आणि घरी जा. पण एक गोष्ट सांगते, म्हणजे ही पोर्ट्रेट्स कशी बघायची ते कळेल. सर मनानं काहीही घालायचे नाहीत आणि काहीही गाळायचे नाहीत. तीळ असला तर तीळ, फाटका काठ असला तर फाटका काठ. मी एकदा म्हटलं, सर, तो प्लॅस्टिकचा मग कशाला? तर म्हणाले, तो होता ना तिथं? मग मी कोण काढून टाकणारा?"

लोक हसले. बाई संपतला म्हणाल्या, "माणूस सरळ होता हो. उगाच हसा म्हनाला, तेवढंच एक."

तर आता बाईंच्या घरचं एक सांगायला पाहिजे. त्यांना संपतच्या पाठची एक लेक होती. होती म्हटलेलं त्यांना चालत नसे. आहे म्हणायचं. निशा. मुळशीच्या रस्त्याला एका गावात दिली होती, खडीच्या क्रशरवाल्यांच्या घरात. जावई सूरज. लग्न असं केलं की त्या गावात तसं कुणी पाहिलं नव्हतं. आणि आठ वर्षांमागं एका सकाळी सूरजच्या आईचा फोन आला, की तुमची लेक अंगावरचे दागिने घेऊन आमच्या ड्रायव्हरबरोबर पळाली.

बाई तिथं गेल्या, अंगण डोक्यावर घेतलं. ड्रायव्हर कोण, कुठला, ते कुणी सांगेना. चौकीत हरवल्याची नोंद झाली आणि तिथंच पडून राहिली. गावठाणात बायका नळावर बोलायच्या ते बाईंच्या कानावर येई. ज्या बाईनं साऱ्या आळीला तोंडानं धाकात ठेवलं, तिची लेक पळाली, म्हणजे बायकांना सणच की. पण एक वर्ष गेलं, सूरजनं कोर्टातून फारकत घेतली, दुसरं लग्न केलं, आणि बाईंचं भांडणं थांबलं. लोकांना वाटलं, लाजल्या. तसं नव्हतं. बाईंनी मनाशी हिशोब मांडला होता. पळाली म्हणतात ना? म्हणू द्या. पळालेलं माणूस कुठंतरी जेवतं, झोपतं, आजारी पडतं, बरं होतं. पळालेलं माणूस जिवंत असतं. मग त्यांनी ती बदनामी उचलून पोटाशी धरली. दर भाऊबीजेला संपतला साडी आणायला लावायच्या आणि ट्रंकेत ठेवायच्या. येईल तेव्हा एकदम नेसेल.

ह्यापलीकडं बाईंना जगात काही नको होतं. आहे, एवढंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या खोलीत पाऊल टाकलं आणि बाई थांबल्या. समोरच्या मोठ्या चित्रात एक तरणी बाई खुर्चीत बसली होती. मथुराबाईंनी तिच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी खुर्ची पाहिली. सागवानी, पाठीवर कोरलेला मोर, आणि मोराची चोच मोडकी. ती चोच निशाच्या लग्नात टेंपोत सामान चढवताना मोडली होती, संपतच्याच हातानं, आणि त्यासाठी त्यानं चार माणसांत आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"संपत. ती खुर्ची."

संपतनं बघितलं आणि खाली मान घातली. "आई, राहू दे. आपण पुढच्या खोलीत जाऊ."

"माझ्या लेकीच्या खुर्चीत ही सटवी पाय पसरून बसलीय, आन् तू म्हनतोस राहू दे?"

तोवर प्रियदर्शनी त्या चित्रापाशी आली होती. "ह्या वैष्णवीताई," ती म्हणाली. "आणि आज त्या स्वतः आल्या आहेत. त्या बघा, मागे." लोकांनी वळून टाळ्या वाजवल्या. दाराशी एक बाई उभी होती, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. ती हसली नाही. बाईंनी तिला आज पहिल्यांदा पाहिलं. आपल्या लेकीच्या जागेवर आलेली. बघायचंच नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं तर नुसती पोरच होती, डोळ्यांखाली काळं आलेली.

"ह्या चित्रात मला सगळ्यात काय आवडतं, तर हे," प्रियदर्शनी बोट न लावता दाखवत होती. "मंगळसूत्राच्या मागे बघा. काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची छोटीशी पट्टी. त्यावर एका स्त्रीचा चेहरा उठवलाय. सिटिंगच्या दिवशी खूप उकडत होतं, ताईंचा पदर जरा सरकला आणि सरांनी तेवढ्यात ते टिपलं. मी विचारलं, ही देवी का? तर ताई म्हणाल्या, सासूबाईंनी हळदीच्या दिवशी माझ्या गळ्यात घातली, काढायची नाही असं सांगितलंय. नवी साडी आली की आधी हिला लावायची, मग आपण नेसायची. जेवायच्या आधी पहिला घास हिला. इतकी पर्सनल श्रद्धा, की देवघरात नाही, थेट गळ्यात!"

"किती सुंदर," कुणी तरी म्हणालं.

संपतचा दंड बाईंनी असा धरला की तो कळवळला.

त्यांच्या चुलतीच्या गळ्यात असा टाक होता. चुलती दुसरेपणाची. पहिली बाळंतपणात मेली, म्हणून तिचा चांदीचा टाक करून सासूनं नवरीच्या गळ्यात घातला होता. सवतीचा टाक म्हणतात त्याला. मेलेलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिला तिचा मान मिळाला नाही तर ती नव्या बाईला सुखानं नांदू देत नाही, म्हणून. चुलतीचं नवं लुगडं आधी त्या टाकाला लागायचं. पहिला घास त्याला दाखवायचा. लहानपणी बाईंनी हे रोज पाहिलं होतं. देवीचा टाक देव्हाऱ्यात बसतो. गळ्यात असते ती सवत.

आणि सवतीचा टाक मेलेलीचा करतात. फारकत दिलेलीचा नाही. पळालेलीचा तर नाहीच नाही.

"बाई," मथुराबाई बोलल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "हळदीच्या दिवशी घातली, असंच म्हनाली ती?"

"हो. लग्नाच्या हळदीला. माझ्याकडे रेकॉर्डेड आहे," प्रियदर्शनी आनंदानं म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का ह्या प्रथेबद्दल?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "आमच्यात नसतंय असलं."

इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून सरळ खोटं संपतनं पहिल्यांदाच ऐकलं. तो आईकडं बघतच राहिला.

लोक पुढच्या खोलीत गेले. "तू बी जा," बाईंनी संपतला लावून दिलं. दाराशी वैष्णवी तशीच उभी होती. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला वळखतीस का?"

"फोटोत बघितलंय, मामी. जुन्या अल्बममध्ये." पोरगी भिंतीकडं सरकली. "मला माहीत नव्हतं तुम्ही येणार. देवाशपथ."

"पदर काढ."

"मामी, इथं नको."

"मग कुठं? तुझ्या घरी येऊ? तुझ्या सासूला सांगू, चहा टाक, लेकीला बघाया आलेय?"

वैष्णवीचा हात गळ्याशी गेला तो तिथंच राहिला. "मला म्हणाल्या, कुलदेवी हाय, कुणाला दाखवायची नाही. ब्लाउजच्या आत ठेवायची. त्या दिवशी पदर कधी सरकला मला कळलंच नाही. मी आज आत्ता बघितलं, चित्रात दिसतंय ते."

"कुलदेवी म्हनाली, आन् तुला पटलं?"

"माझ्या आजीच्या गळ्यात होता तसला," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं."

"आन् गप्प बसलीस. घास भरवत बसलीस."

"मग काय करू?" पोरीचा आवाज फुटला, तिनं तो पदरात दाबला. "परसातली विहीर माझ्या लग्नाआधीच बुजवलीय. बोअर घेतलाय म्हणाले, विहिरीचं काय काम. वर फरशी केलीय. रोज दिवेलागणीला सासूबाई मला तिथं दिवा ठेवायला लावतात. मी विचारलं, इथं का? तर म्हणाल्या, विचारत जाऊ नकोस, तुझ्या आधीचीला पण लई प्रश्न पडायचे."

बाईंनी भिंतीला हात टेकला. भिंत गार होती. इतकी वर्षं जी लेक कुठंतरी जेवत होती, झोपत होती, ती आत्ता, ह्या गारठ्यात, एका वाक्यात गेली. रडू आलं नाही.

"चौकीत सांगशील हे?"

"नाही सांगणार. मला पोरगा हाय, मामी. विचारलं तर मी नाही म्हणेन, तोंडावर नाही म्हणेन."

एरवी अशा उत्तरावर बाईंनी समोरच्याची सात पिढ्यांची धुणी धुतली असती. त्यांनी फक्त हात पुढं केला. वैष्णवीनं इकडंतिकडं बघितलं आणि पदर बोटभर बाजूला केला. टाक नखाएवढा होता. घडवणाऱ्यानं नाक, डोळे आणि कपाळावर कुंकू एवढंच काढलं होतं, कुठल्याही बाईचं असावं तसं. सारखा हात लागून लागून तोंड झिजलं होतं. बाईंनी त्यावर अंगठा ठेवला. पोरीच्या अंगाची ऊब होती त्याला.

"जिचा टाक गळ्यात, तिचं माहेर आपलं माहेर," बाई म्हणाल्या. "आमच्यात असंच असतंय. कोथरूडात मारुतीच्या मागं घर हाय माझं. ध्यानात ठेव."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. वैष्णवीनं झटक्यानं पदर ओढून घेतला. "हे आले," ती पुटपुटली. "चित्र बघायला आलेत. चित्रात दिसलं तर, मामी..."

तिला वाक्य पुरं करायची गरज नव्हती. सूरज दारातून आत आला तेव्हा बाई चित्रापुढं जाऊन उभ्या होत्या. अंगानं बाई चांगल्या दणकट, आणि चित्र अशा उंचीवर टांगलेलं की बाईंचं डोकं बरोबर रंगवलेल्या गळ्यापुढं आलं.

"अरे, मामी! तुम्ही?" सूरज वाकून पाया पडायला आला, आणि बाईंनी पाय मागं घेतला नाही. घेतला असता तर चित्र उघडं पडलं असतं. तो सरळ उभा राहिला आणि चेहरा पाडून, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काही पत्ता लागला का निशाचा?"

दर वेळी हाच प्रश्न. लग्नाकार्यात, बाजारात, कुठंही भेटला की हाच. इतकी वर्षं बाईंना वाटायचं, निदान विचारतो तरी.

त्यांच्या जिभेवर काय काय आलं होतं. एक शब्द सुटला असता तरी पुरे होतं. पण त्या शब्दानं आज दिवेलागणीला दुसरी पोरगीही त्या फरशीखाली गेली असती. बाईंनी तो शब्द गिळला. मग त्यांना आठवलं की आपल्याला लोक कशासाठी ओळखतात.

"निशाचं मरू दे! माझी खुर्ची कुठाय, ती सांग आधी!"

"खुर्ची?"

"हीच की! माझ्या पैशाचं सागवान, माझ्या सुताराचा मोर! लेक गेली ती गेली, आन् तिच्या सामानावर तुमी दुसरी बसवता? वर तिचं चित्र काढून पुन्याला दाखवता? लाज वाटत न्हाई? भिकारड्यानो, एक खुर्ची इकत घ्यायची ऐपत न्हाई आन् दाराशी डंपर उभे करता!"

पुढच्या खोलीतून लोक धावत आले. प्रियदर्शनी आली, संपत आला. कुणीतरी फोन वर धरला. सूरजनं लोकांकडं बघून हसायचा प्रयत्न केला, बाईंच्या डोक्यावरून चित्राकडं मान उंचावली. तशा बाई आणखी एक पाऊल पुढं सरकल्या आणि छाती त्याच्या छातीला लागेल इतक्या जवळ जाऊन ओरडल्या, "तिकडं काय बघतोस, माझ्याकडं बघ! उद्या सकाळी खुर्ची माझ्या दारात पायजे, न्हाईतर मी येऊन तुझ्या आईला तिच्यावरनं खाली ओढते!"

"ह्या तोंडामुळंच पळाली तुमची लेक," सूरज दात खाऊन म्हणाला. "चल गं." त्यानं वैष्णवीचं मनगट धरलं. जाताना तिनं मागं पाहिलं नाही. एक हात गळ्यावर होता, तेवढा दिसला.

बुटांचा आवाज जिन्यावरून उतरला, खाली गाडीचं दार वाजलं, तेव्हा बाई चित्रापुढून बाजूला झाल्या. दारावरच्या पोरीनं स्टूल आणलं.

"आज्जी, मी पाणी आणू का?" प्रियदर्शनी गुडघ्यावर बसली. "काय झालं? खुर्चीचं इतकं..."

"खुर्ची जळो. ते गळ्यातलं देवी न्हाई, बाई. ती माझी लेक हाय."

मग बाईंनी सांगितलं. टाक कुणाचा करतात, आपली लेक कशी पळाली म्हणतात, फरशी कुठं केलीय. सलग, एकही शिवी न घालता. ऐकता ऐकता प्रियदर्शनीचा चेहरा भिंतीसारखा होत गेला. "मी हे एडिट करताना कितीतरी वेळा बघितलंय," ती म्हणाली. "मीच तिला विचारलं होतं, अजून सांगा ना, छान आहे. ती कॅमेऱ्याकडे बघत थोडा वेळ काहीच बोलली नाही. मी तो पॉज ठेवलाय फिल्ममध्ये."

"त्यात हळदीचं बोललीय ना ती?"

"हो. पण आज्जी, तिच्या परवानगीशिवाय मी ते पोलिसांना..."

"परवानगी इचारलीस तर ती न्हाईच म्हनंल. मला म्हनाली तसं. आन् उद्या नवऱ्यानं हे चित्र बघितलं तर तुझ्याकडं परवानगी मागायला कोन उरंल?"

प्रियदर्शनी उठली, फोन काढला, आणि एका भिंतीकडं तोंड करून कुणाला तरी सांगायला लागली, की त्या दिवसाचं सगळं फुटेज आत्ताच्या आत्ता पाहिजे, न कापलेलं. मग तिनं दारावरच्या पोरीला सांगितलं, ही खोली बंद कर, आज कुणाला आत सोडू नकोस.

संपत इतका वेळ मोराच्या मोडक्या चोचीकडं बघत उभा होता. "आई," तो म्हणाला, "साड्या..." आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"रडू नको. रडायला घर हाय. गाडी काढ. गावच्या चौकीत न्हाई जायचं, ती त्यांच्या खिशात हाय. पुन्यातल्या मोठ्या साहेबाकडं जायचं. ह्या बाईला बरोबर घ्यायचं."

"आणि ती पोरगी?"

"आजच आनायची. पोरासकट. पोलीस घेऊन जाऊ, न्हाईतर आळीतल्या साऱ्या बायका घेऊन जाऊ. एक लेक मी त्या घरात ठेवून आले. दुसरी ठेवनार न्हाई."

"ती नाही आली तर?"

बाई उठल्या. निघायची वाट शेवटच्या खोलीतूनच होती. तिथं मधल्या भिंतीवर जरीकाठी लुगडं नेसलेलं, हातात पाटल्या घातलेलं त्यांचं चित्र होतं. ज्याच्यासाठी सकाळपासून नटून निघाल्या होत्या ते. संपतनं गाडीची किल्ली काढली आणि केविलवाणं म्हणाला, "आई, एवढ्या लांब आलीस. तुझं तेवढं बघून घे."

बाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घालून त्या भिंतीजवळून पुढं गेल्या.

"नको. तिची लेक अजून जित्ती हाय," त्या म्हणाल्या. "तिला न्हाई सांगायचं."